स्प्रिंगच्या हवाई बंदुकीचे परिष्करण : एका यंत्राच्या सुधारणेचा इतिहास

१. विषयप्रवेश

तंत्रविद्येच्या इतिहासाचे लेखन बहुधा शोधाच्या तारखेपासून सुरू होते आणि पेटंटाच्या नोंदीपाशी थांबते. यंत्र एकदा निर्माण झाले म्हणजे पुढचा काळ केवळ त्याच्या प्रसाराचा, असे अशा लेखनात गृहीत धरलेले असते. वस्तुतः पुष्कळ यंत्रे कारखान्याच्या दारातून बाहेर पडतात ती अपुऱ्या अवस्थेत. त्यांचे उरलेले निर्माण दुरुस्ती करणारे कारागीर, हौशी नेमबाज व स्पर्धक यांच्या हातून होते. हे काम नोंदींत क्वचितच उतरते, आणि म्हणूनच इतिहासकाराच्या दृष्टीतून ते निसटण्याचा संभव अधिक असतो.

स्प्रिंगच्या शक्तीवर चालणारी हवाई बंदूक हे याचे एक बोलके उदाहरण होय. महाराष्ट्रात ही वस्तू अपरिचित नाही. जत्रांतून फुगे फोडण्याच्या खेळात जी छऱ्याची बंदूक हाती दिली जाते, ती याच जातीची असते. नळी मोडून छर्रा भरावयाचा, चाप ओढावयाचा, आणि नेम चुकला की दोष आपल्या हाताला द्यावयाचा, हा अनुभव अनेकांचा आहे. परंतु तो दोष सर्वस्वी हाताचा नसतो, यंत्राच्या स्वभावातही तो असतो. आणि हे ओळखण्यास बंदूक बनविणाऱ्यांनाही बराच काळ लागला.

या बंदुकीच्या सुधारणेचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास तपासला असता त्यात एक स्थित्यंतर स्पष्ट दिसते. शक्ती वाढविणे म्हणजे सुधारणा, ही आरंभीची समजूत हळूहळू मागे पडली, आणि बंदुकीच्या पोटातील हालचालीस शिस्त लावणे म्हणजे सुधारणा, ही दृष्टी पुढे आली. हे स्थित्यंतर कसे घडले, त्यात कारखानदार, कायदा, कारागीर व मापनशास्त्र यांचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. यंत्राची रचना व तिच्यातील अंगभूत दोष

पुढील विवेचन समजण्यासाठी या यंत्राची रचना ध्यानात घेणे अगत्याचे आहे. बंदुकीच्या मधल्या भागात एक सिलिंडर असते. त्यात एक दट्ट्या व त्याच्या पाठीशी एक जाड पोलादी स्प्रिंग असते. तरफेने किंवा नळी मोडून दट्ट्या मागे ओढला म्हणजे स्प्रिंग दबते व दट्ट्या खिट्टीत अडकतो. चाप ओढताच खिट्टी सुटते, दट्ट्या वेगाने पुढे धावतो, त्याच्यापुढील हवा दबते आणि एका बारीक छिद्रातून नळीत शिरून छऱ्यास पुढे लोटते. येथे हवा साठवून ठेवलेली नसते. प्रत्येक बारास ती नव्याने दाबली जाते. साठवलेली असते ती केवळ स्प्रिंगमधील शक्ती.

या रचनेत तीन अडचणी मुळातच आहेत. पहिली अशी की, दट्ट्या पुढे निघताच बंदूक मागे सरते, व दट्ट्या सिलिंडरच्या टोकाशी थांबताच ती पुढे ढकलली जाते. दारूच्या बंदुकीचा धक्का एकाच दिशेचा असतो. येथे तो दुहेरी आहे, आणि छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच त्याचा आरंभ झालेला असतो. दुसरी अडचण म्हणजे दट्ट्याचे उसळणे. दबलेल्या हवेची जणू गादीच त्याच्यापुढे तयार होते व तीवर आदळून तो किंचित मागे फिरतो. तिसरी अडचण स्प्रिंगच्या कंपनाची. सुटलेली स्प्रिंग दट्ट्या थांबल्यावरही थरथरत राहते व एक झणझणीत आवाज उमटतो. हे सारे सेकंदाच्या काही सहस्रांशांत घडते. परंतु तेवढ्या वेळात नळीचे टोक हलते व नेम चुकतो.

अधिक शक्तीसाठी अधिक ताठ स्प्रिंग घालणे हा उपाय कोणासही सहज सुचतो. परंतु स्प्रिंग ताठ केली की वरील तिन्ही अडचणी वाढतात. या बंदुकीच्या सुधारणेतील मूळ पेच तो हाच.

३. कारखान्यांचा काळ

आधुनिक स्वरूपातील स्प्रिंगची हवाई बंदूक १८७० च्या दशकात अमेरिकेच्या न्यू यॉर्क राज्यात आकारास आली. हर्किमर येथील हेन्री क्वाकेनबुश आणि हॅविलंड व गन ही भागीदारी यांची नावे या संदर्भात प्रमुख आहेत. त्यांच्या रचनांच्या प्रतिकृती लौकरच जर्मनीत होऊ लागल्या. तेथील गागेनाऊच्या लोखंडी कारखान्यात काम केलेल्या याकोब मायर याने योझेफ ग्रामेल्सपाखर याच्या साहाय्याने १८९० मध्ये रास्टाट येथे जो कारखाना काढला, तो पुढे ‘डायाना’ या नावाने प्रसिद्धीस आला. या काळातील मालाचा मोठा भाग खेळण्याच्या दर्जाचा होता. अमेरिकेत तर मिशिगन राज्यातील प्लिमथ येथील पवनचक्क्या बनविणाऱ्या एका कंपनीने हवाई बंदूक काढली, ती पवनचक्कीपेक्षा अधिक खपली, आणि १८९५ मध्ये त्या कंपनीने ‘डेझी’ हे आपल्या बंदुकीचेच नाव धारण केले.

खेळण्यापासून नेमबाजीच्या साधनापर्यंतचे महत्त्वाचे पाऊल इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे पडले. तेथील बंदूक-व्यावसायिक लिंकन जेफ्रीझ याने १९०४ मध्ये एका रचनेच्या पेटंटासाठी अर्ज केला. तीत नळी मोडावयाची नव्हती. ती सिलिंडरशी कायमची जोडलेली होती, दट्ट्या ओढण्यासाठी नळीखाली स्वतंत्र तरफ होती व छर्रा एका फिरत्या तोटीतून भरला जाई. नळीच्या आत पिळदार खाचा होत्या. १९०२ मध्ये बोअर युद्ध संपल्यावर लष्करी मागणी ओसरली होती, आणि बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीस आपल्या यंत्रसामग्रीसाठी नवे काम हवे होते. तिने १९०५ पासून ही बंदूक तयार केली. लष्करी रायफलीसाठी कमावलेली अचूकता अशा रीतीने एका हलक्या शस्त्रास लाभली.

या रचनेचे मर्म शक्तीत नव्हते, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. मोडत्या नळीचा सांधा झिजला की नळी व दर्शनी यांची एक रेषा राहत नाही. स्थिर नळीने हा दोष नाहीसा केला. म्हणजे या बंदुकीची पहिली मोठी सुधारणा ही मुळात एका अनिष्ट हालचालीचे उच्चाटन होती. तथापि त्या काळी तिचे महत्त्व या शब्दांत ओळखले गेले नाही. बर्मिंगहॅम व आसपासच्या मद्यगृहांतून घंटेच्या लक्ष्यावर नेमबाजीचे सामने होत, व लोखंडी पत्र्याच्या बारीक भोकातून छर्रा गेला की मागची घंटा वाजे. अशा जवळच्या अंतरावर स्थिर नळीचा गुण दिसून येई, पण दुहेरी धक्क्याचा दोष झाकला जाई.

४. धक्क्याचे निवारण

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत लष्करी शस्त्रांच्या उत्पादनावर बंदी आली, आणि कुशल शस्त्रकारांचे लक्ष हवाई बंदुकीकडे वळले. या नव्या हातांनी धक्क्याच्या प्रश्नास प्रथमच समोरून तोंड दिले. मात्र दोन कारखान्यांनी दोन भिन्न मार्ग पत्करले.

पहिला मार्ग कुर्ट गिस याचा. त्याच्या रचनेत दोन दट्टे असत. एक पुढे धावे व हवा दाबी. दुसरा त्याच वेळी मागे धावे व पहिल्याचा धक्का निष्प्रभ करी. दोहोंची गती दातेरी पट्ट्या व चक्र यांनी जुळवलेली असे. ही रचना डायाना कारखान्याने १९६० च्या सुमारास पिस्तुलात व रायफलीत वापरली. दुसरा मार्ग ओबर्नडॉर्फ येथील फाइनवेर्कबाऊचा. पूर्वी माउझर कारखान्यात काम केलेले कार्ल वेस्टिंगर व एर्न्स्ट आल्टेनबुर्गर हे या संस्थेचे संस्थापक. १९६१ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘१५०’ या नमुन्यात धक्का नाहीसा केलेला नव्हता. नळी व सिलिंडर ही दोन्ही दस्त्यावर बसविलेल्या मार्गिकेवरून मागे सरकत, आणि दस्ता मात्र नेमबाजाच्या खांद्याशी स्थिर राही.

या दोन मार्गांतील फरक विचार करण्याजोगा आहे. एकाने विरोधी बल उत्पन्न करून धक्का खोडून काढला. दुसऱ्याने धक्क्यास वाट करून दिली. पहिल्यात भाग अधिक व जुळवणी नाजूक. दुसऱ्यात रचना तुलनेने साधी. स्पर्धांच्या मैदानावर फाइनवेर्कबाऊची पद्धती विशेष रुजली. १९६६ मध्ये वीसबाडेन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दहा मीटर हवाई रायफलीचा समावेश झाला, तो अशा धक्कारहित बंदुकी उपलब्ध झाल्यानंतरच, ही गोष्ट लक्षणीय आहे. परंतु या बंदुकी वजनदार व महाग होत्या. सामान्य नेमबाजाच्या हाती साधी, धक्का देणारी बंदूकच राहिली, आणि तिच्या सुधारणेचा प्रश्न तसाच उभा राहिला.

५. कायद्याची मर्यादा

या टप्प्यावर एका बाह्य शक्तीने दिशा ठरविली. ब्रिटनमध्ये १९६८ चा अग्न्यस्त्र कायदा व त्याखालील १९६९ चे नियम यांनी हवाई रायफलीसाठी १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल, ही मर्यादा घातली. त्यापलीकडील बंदुकीस परवाना आवश्यक झाला. पश्चिम जर्मनीतही साधारण याच काळात ७.५ ज्यूलची मर्यादा आली. भारतात पुढे २०१६ च्या शस्त्र नियमांत २० ज्यूल शक्ती व ४.५ मिलिमीटर व्यास ही परवान्याची सीमारेषा ठरली.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सुमारे अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे ८ ग्रेनचा छर्रा घेतला, तर ब्रिटिश मर्यादेत त्याचा वेग सेकंदास सुमारे २५० मीटरपर्यंत जाऊ शकतो व जर्मन मर्यादेत सुमारे १७० मीटरपर्यंत. चांगल्या बंदुकी या मर्यादेपर्यंत सहज पोचत असत. तेव्हा अधिक शक्ती हे ध्येय ब्रिटिश कारागिराच्या दृष्टीने कायद्यानेच बंद झाले. एकाच ठरावीक शक्तीच्या दोन बंदुकींत अधिक चांगली कोणती, हा प्रश्न उरला. आणि त्याचे उत्तर नितळपणा, अचूकता व सातत्य यांतच शोधावे लागले. कायद्याने मर्यादा घातल्यामुळे कौशल्य खुंटले नाही. उलट त्यास नवी दिशा मिळाली.

याचा पडताळा अमेरिकेच्या उदाहरणावरून घेता येतो. तेथे अशी राष्ट्रव्यापी शक्तिमर्यादा नव्हती, आणि तेथील जाहिरातींत दीर्घकाळ वेगाच्या आकड्यांची चढाओढ चालू राहिली. १९७२ मध्ये रॉबर्ट बीमन याने स्थापन केलेल्या संस्थेने जर्मनीतील वाइराउख कारखान्याच्या सहकार्याने १९८१ च्या सुमारास ‘आर-१’ ही मोठी शक्तिशाली बंदूक बाजारात आणली. परंतु याच बंदुकीवर अमेरिकी हौशी कारागिरांनी पुढे सर्वाधिक मेहनत घेतली, ती तिचा वेग वाढविण्यासाठी नव्हे, तर तिचे कंपन शमविण्यासाठी. यावरून असे अनुमान निघते की, कायद्याने हे स्थित्यंतर त्वरेने घडविले, परंतु त्याचे मूळ कारण यंत्राच्या स्वभावातच होते.

६. कारागिरांचे परिष्करण

या कामास इंग्रजीत ‘ट्यूनिंग’ असा वाद्य जुळविण्याचा शब्द आहे. त्यातील विसंगती मोठी मार्मिक आहे. तंबोरा जुळविताना तार ताणतात ती सूर उमटावा म्हणून. येथे सारी खटपट असते ती स्प्रिंगचा सूर मुळीच उमटू नये म्हणून.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील रॉबर्ट लॉ याच्या ‘एअर रायफल हेडक्वार्टर्स’ या संस्थेने १९६० च्या दशकापासून आयात केलेल्या बंदुकी जुळवून विकण्याचा उपक्रम केला. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात इव्हान हॅन्कॉक याच्या ‘व्हेनम आर्म्स’ने हे काम एका स्वतंत्र व्यवसायाच्या पातळीवर नेले. या कारागिरांच्या कृतींचे स्वरूप पाहिले असता त्यांत नवा शोध असा क्वचितच आढळतो. सिलिंडरच्या खाचांच्या कडांवरील कंगोरे घासून काढणे, म्हणजे वॉशर फाटत नाही. स्प्रिंगची दोन्ही टोके सपाट करून गुळगुळीत करणे, म्हणजे ती दबताना वाकडी होत नाही. स्प्रिंगच्या आतील मार्गदर्शक दांडा तिच्या व्यासास घट्ट बसेल असा कातून घेणे, म्हणजे तिला थरथरण्यास जागा उरत नाही. दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीस घासू नये म्हणून त्यास कमी घर्षणाच्या द्रव्याची कडी बसविणे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे वंगण योग्य जागी व अल्प प्रमाणात लावणे. यांपैकी एकेक कृती क्षुल्लक वाटते. परंतु एकत्रितपणे त्यांनी बंदुकीचा स्वभाव पालटतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हे सर्व दोष कारखानदारांस अज्ञात होते असे नाही. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात प्रत्येक भागास थोडी सैल मोजमापे ठेवावी लागतात, कारण कोणतीही स्प्रिंग कोणत्याही दांड्यावर बसली पाहिजे. कारागिरास ही अडचण नसते. त्याच्यापुढे एकच स्प्रिंग व एकच दांडा असतो. परिष्करण म्हणजे सर्वांसाठी बनविलेली वस्तू पुन्हा एकदा एकट्यासाठी बनविणे होय. पुढे जर्मन व ब्रिटिश कारखान्यांनी घट्ट दांडे व संश्लिष्ट द्रव्यांचे वॉशर आपल्या मूळ उत्पादनात आणले, तेव्हा कारागिरांचे अनामिक ज्ञानच परत कारखान्यात पोचले, असे म्हणता येते.

७. मापनाचा वाटा

कारागिरांचे ज्ञान बहुतांशी हाताचे व कानाचे होते. त्यास मापनाची जोड मिळाली ती उशिरा. गोळीचा वेग मोजण्याची पहिली विश्वसनीय पद्धती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ च्या आपल्या ग्रंथात मांडली होती. लंबकात गोळी रुतवून त्याच्या झोक्यावरून वेग काढावयाचा, हे तिचे तत्त्व. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत हिंदुस्थानात आला व १७५१ मध्ये येथेच निवर्तला. परंतु हौशी नेमबाज मात्र विसाव्या शतकातही छर्रा फळीत किंवा जाड पुस्तकात किती खोल गेला यावरूनच शक्तीचा अंदाज करीत असत. इलेक्ट्रॉनिक वेगमापक स्वस्त झाल्यावरच एका बाराचा वेग पुढच्या बाराशी ताडून पाहणे सर्वांना शक्य झाले.

या क्षेत्रातील सर्वांत मूलगामी काम इंग्लंडातील जी. व्ही. कार्ड्यू व जी. एम. कार्ड्यू यांचे होय. त्यांचा पहिला ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याची विस्तारित पुनर्रचना १९९५ मध्ये आली. त्यांचा एक प्रयोग अत्यंत साधा व निर्णायक होता. त्यांनी वाइराउखची ‘एचडब्ल्यू ३५’ ही बंदूक नायट्रोजनच्या वातावरणात झाडून पाहिली. सिलिंडरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन असता छऱ्याचा वेग लक्षणीय प्रमाणात घटला. स्प्रिंग तीच, दट्ट्या तोच, वायूचा दाबही जवळपास तसाच. फरक एवढाच की ज्वलनास प्राणवायू नव्हता. यावरून असे सिद्ध झाले की, अशा शक्तिशाली बंदुकीत दबलेल्या तप्त हवेमुळे वंगणाचा अल्प अंश जळतो व तो छऱ्यास मिळणाऱ्या शक्तीचा मोठा वाटा उचलतो. केवळ स्प्रिंगची मानली गेलेली ही बंदूक काही अंशी डिझेल एंजिनासारखी वागत होती.

या निष्कर्षाचा परिणाम दूरगामी होता. चामडी वॉशर मऊ राहावा म्हणून सढळ हाताने तेल घालण्याची जुनी रीत होती. त्या तेलाचे कमीअधिक प्रमाण हेच बाराबारांतील वेगाच्या चढउताराचे एक कारण असल्याचे आता दिसून आले. आणि तेल फाजील झाले तर स्फोटसदृश ज्वलन होऊन स्प्रिंग व वॉशर यांची हानी होते, हेही स्पष्ट झाले. थोडे व योग्य जागी, हा कारागिराचा अनुभवसिद्ध नियम होता. प्रयोगाने त्यामागील कारण दाखविले.

८. उपसंहार

१९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक स्पर्धांत हवाई रायफलीस स्थान मिळाले. तथापि त्यापूर्वीच स्प्रिंगची सद्दी संपू लागली होती. १९७० च्या दशकात वाल्थर कारखान्याने एकाच तरफेच्या ओढीने हवा साठविणारी रायफल काढली होती, आणि पुढे आधीच भरलेल्या दाबयुक्त हवेच्या रायफलींनी स्पर्धेचे क्षेत्र व्यापले. ज्या दट्ट्याच्या धावेस शिस्त लावण्यासाठी इतके प्रयत्न झाले, तो बाराच्या क्षणी हलणारा दट्ट्याच या नव्या बंदुकींत उरला नाही. दुसरीकडे, १९८० च्या दशकारंभी ब्रिटनमधील ‘थिओबेन’ने पोलादी स्प्रिंगच्या जागी बंदिस्त वायूची स्प्रिंग आणली व कंपनाचा दोष वेगळ्या रीतीने दूर केला, धक्का मात्र राहिलाच.

या अखेरीवरून स्प्रिंगच्या बंदुकीचे परिष्करण निष्फळ ठरले, असा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. स्पर्धेच्या शिखरावर यंत्र बदलले, परंतु पंप, टाकी वा नळकांडे यांवाचून चालणारी, स्वतःपुरती पूर्ण असलेली बंदूक म्हणून स्प्रिंगची बंदूक सरावासाठी व हौसेसाठी टिकून राहिली. तिच्या इतिहासातून निघणारा बोध मात्र या एका वस्तूपुरता मर्यादित नाही. यंत्राची सुधारणा कधी नव्या भागाच्या भरीने होते, तर कधी अनावश्यक हालचाल वजा करून. पहिल्या प्रकारच्या सुधारणेस पेटंट मिळते व तिची तारीख ग्रंथांत नोंदली जाते. दुसरी कानसेच्या टोकाशी घडते, आणि तिचा पुरावा एवढाच उरतो की, पूर्वी झणझणणारी बंदूक आता मूकपणे आपले काम करते. तंत्रविद्येच्या इतिहासकाराने या मूक पुराव्याचीही दखल घेतली पाहिजे. जुन्या कार्यशाळांतील अवजारे, कारागिरांच्या टिपण-वह्या व दुरुस्त केलेल्या वस्तूंवरील खुणा यांचे जतन झाले, तरच ती घेता येईल.